एवढ्याशा बोर्डासाठी तुम्ही उरल्याला गेलात

भाऊ, तो चिपा बसवायचा बोर्ड माझ्यासमोर पडलाय. काडेपेटीहून लहान, हिरवा, एका कोपऱ्यात खरवडलेला. त्याच्याकडे पाहिलं की माझं डोकं फिरतं. ह्याच्यासाठी तुम्ही मे महिन्यातल्या भर दुपारी स्कूटर काढून शहराबाहेर, कारखान्यांच्या उरल्याला गेलात. छातीत दुखत होतं, डॉक्टरनं उन्हात फिरायला मना केलं होतं, आणि यातलं खरं तुम्ही ना मला सांगितलं, ना वहिनींना. दवाखान्यात डॉक्टर आमच्यावरच ओरडले, तेव्हा कळलं.

तेरवी झाली. लोक आले, जेवले, "भला आदमी था" म्हणून गेले. मी पंगतीत वाढत होतो आणि आतून जळत होतो. भल्या माणसानं सांगून जावं.

आपल्या इथल्या मराठी लोकांच्या अंकात तुमच्यावर चार ओळी लिही असं मला सांगितलंय. कुठे जन्मले, कुठे शिकले, ते त्यांच्याकडे आहे, ते छापतील. मी आठवीतून शाळा सोडलेला माणूस, मला तसलं जमायचं नाही. मला फक्त तुमच्याशी भांडता येतं. रोज भांडत होतो. ते भांडण तुम्ही अर्ध्यात टाकून उठून गेलात, आणि आता मी ते गिऱ्हाइकावर काढतो. परवा वाफेचं मशीन दुरुस्तीला घेऊन आलेल्या एका बाईवर ओरडलो. तिची काही चूक नव्हती. सुनीता, माझी बायको, म्हणाली, लिहून टाका, नाहीतर दुकान बंद पडेल.

पहिल्यांदा भेटलात तेही उरल्यालाच. मी लोखंडाच्या रोलिंग मिलमध्ये होतो, तुम्ही वजनकाट्याचा डिस्प्ले दुरुस्त करायला आला होता. मला बॅटरी धरायला उभं केलं होतं. बोटाला चटका बसला आणि माझ्या तोंडून शिवी निघाली, आपली, गावाकडची. तुम्ही मान वर न करता विचारलं,

"कोन्या गावचा रे पोट्ट्या?"

"आर्वीकडचा."

"मग इथं काहून मरून राहिला?"

"पोटासाठी."

"पोटासाठी कान देतात का? दोन वर्षांत ऐकू येणार नाही तुले. समता कॉलोनीत दुरुस्तीचं दुकान आहे माझं. ये."

एवढंच. पगार काय, काम काय, काही नाही. मी आलो. तुमची मराठी ऐकून मला हसू यायचं, अर्धी हिंदी, मधेच होकाराला 'हव'. एकदा तोंडावर हसलो तर तुम्ही म्हणालात, "हसून घे. आमचे लोक भोसल्यांबरोबर आले इथं. तुझं गाव तेव्हा वसलं होतं का ते पाह्यजो." मला सोल्डरिंगचा टाका मारायला तुम्ही शिकवलंत, मीटर धरायला, जळका वास कुठून येतो ते नाकानं शोधायला. मिलमध्ये मला 'ए' म्हणायचे. तुमच्या दुकानात समोरच्या क्लिनिकचे डॉक्टर मला नावानं हाक मारायला लागले. हे मी कधी विसरत नाही. पण म्हणून राग कमी होत नाही, उलट वाढतो.

बाकीच्यांना कळावं म्हणून खुशीचं सांगतो. खुशी माझी मुलगी, सहावीत आहे. तिला साखरेचा आजार, लहानपणचा, सुईनं इन्सुलिन घेतल्याशिवाय चालत नाही. ते औषध थंड ठेवावं लागतं. मागच्या उन्हाळ्यात आम्ही लग्नाला गावी गेलो, इकडे लाईट गेली, फ्रिज बंद पडला, आम्ही यायच्या आत पुन्हा सुरू झाला. आलो तर बाटली गारेगार, पाण्यासारखी स्वच्छ. आम्ही तीच टोचत राहिलो. औषध मेलेलं होतं. पोरीला उलट्या लागल्या, श्वास भात्यासारखा चालायला लागला, भरती करावं लागलं. तुम्ही दवाखान्याच्या व्हरांड्यात बाकावर बसून होता. मी रडत होतो की बाटली तर थंड होती हो भाऊ, मी हात लावून पाहिली होती.  तुम्ही म्हणालात, "बाटलीले आठवत नाही. तिच्याजवळ आठवणारं काहीतरी ठेवा लागते."

तिथून सुरू झालं सगळं. एक छोटी डबी. आत ताप ओळखणारी चिप, घड्याळाचा सेल, लाल दिवा. बाटलीच्या शेजारी ठेवायची. एकदा जरी औषध हद्दीबाहेर तापलं तर दिवा लागणार आणि नंतर कितीही थंड झालं तरी लागलेलाच राहणार. मी म्हटलं, असं बाजारात मिळत असेल, फोनवर शोधतो. तुम्ही म्हणालात, विकतचं तापलं की ओरडते आणि थंड झालं की चूप बसते, घरी ऐकायले कोण आहे? मी म्हटलं, आठवणारंही कोणी बनवत असेल. तर म्हणालात, "बनवत असन. आपल्याले काय हात नाहीत?"

आणि तिथेच आपण फसलो, भाऊ. कारण डबी खुशीच्या दप्तरात बसायला हवी होती, शाळेत न्यायच्या थंड पाऊचमध्ये, बाटलीला चिकटून. आणि एवढ्याशा सेलवर चालणारी चिप येते ती फक्त नव्या प्रकारची, मुंगीएवढी, बोर्डाच्या अंगावर चिकटवायची. पाय असे की श्वास टाकला तर हलतात. तुम्ही चाळीस एक वर्षं ज्या झिरो बोर्डावर काम केलं, भोकांचा तो बोर्ड, त्याच्या दोन भोकांमध्ये ह्या चिपचे अर्धे पाय मावतात. ती बसवायची कशावर?

तुम्ही हार मानणारे नव्हतात. चिप पालथी घातली, पाठीवर, मेलेल्या झुरळासारखी. गोंदानं चिकटवली. मोटारीच्या वाइंडिंगमधली केसाएवढी तार काढून एकेका पायाला लावली. डोळ्याला भिंग, तोंडात जीभ दाबलेली. चालली पण. आपण चहा मागवला, तुम्ही खुशीला फोन करून सांगितलं. तिनं दप्तरात टाकून नेली आणि संध्याकाळी परत आणली. दोन तारा तुटलेल्या. पुन्हा केली, पुन्हा तुटली. खुशी तुम्हाला म्हणाली, "दादू, मैं तो आराम से ही चलती हूँ।" तुम्ही तिची समजूत घालत होता की तुझी चूक नाही, तारच नाजूक आहे. तिसऱ्यांदा तुटली तेव्हा तुम्ही कबूल केलं की बोर्ड पाहिजे, बारीक घरांचा, चिपच्या पायांच्या मापाचा.

मी फोनवरून मागवला. नाव तेच, चित्र तेच, आला तो मोठ्या मापाचा. तुमच्या तोंडावर कसला आनंद दिसत होता. "पाहिलं? वस्तू हातात घेतल्याशिवाय घ्यायची नसते." मी म्हटलं दुसरा मागवतो, आठवडा लागेल. तुम्ही म्हणालात, आठवडाभर उन्ह थांबते का?

मग आपण बाजारात हिंडलो. तुमची ती पद्धत मला लाजेनं मारायची. शर्टाच्या खिशात जुनं व्हिजिटिंग कार्ड, त्याच्या मागे टेपखाली चिप. दुकानदारानं बोर्ड पुढे केला की तुम्ही कार्ड काढायचे, टेप उचलायचे, चिप चिमट्यानं त्या बोर्डावर ठेवायचे आणि भिंग लावून वाकायचे. मागे गिऱ्हाईक उभं.

"चाचा, बोर्ड लेने आए हो कि रिश्ता देखने?"

"रिश्ता ही समझो. लड़की नाज़ुक है, घर देख के देंगे।"

"तो पसंद आया?"

"दो पैर एक ही कमरे में जा रहे हैं. नहीं जमेगा।"

सगळे हसले. मीही हसलो. दुसऱ्या दुकानात 'चिकटवायच्या चिपचा बोर्ड' म्हणून आपल्याला तोच झिरो बोर्ड दाखवला, तिसऱ्यानं म्हटलं अब ये कौन बनाता है चाचा, पूरा मशीन ही नया ले लो. एवढी मोठी राजधानी, घराघरात मोबाईल, त्या प्रत्येक मोबाईलमध्ये असल्या शंभर चिपा, आणि एक चिप हातानं बसवून पाहायची म्हटली तर कुठे बोटभर बोर्ड नाही. मला दुकानदारांचाही राग येतो. पण ते बिचारे जे खपतं ते ठेवतात. राग खरा तुमचाच आहे.

आता त्या सकाळचं.

आपण बटणावरून भांडलो. दिवा एकदा लागला की विझवायचा कसा? नवीन बाटली आणली की डबी पुन्हा सुरू करायला काहीतरी पाहिजे. मी म्हटलं बाहेर एक बटण ठेवू. तुम्ही म्हणालात, नाही.

"बटन ठेवलं की दाबनारं बोट तयार होते."

"कोण दाबन?"

"तू."

"मी बाप आहे तिचा, भाऊ."

"म्हनूनच. महिन्याची अखेर असन, नवी बाटली आणली असन, दिवा लागलेला दिसन. तू म्हनशील, थोडंसंच तापलं असन. आनि दाबशील."

"मले काय समजता तुम्ही?"

"घाबरट समजतो. घाबरलेला मानूस आधी दिवा विझवते, मग विचार करते."

हे तुम्ही मला म्हणालात. डोळ्यात डोळे घालून. खुशीच्या आजाराचं कळल्यापासून ज्याला एक रात्र सलग झोप नाही, त्याला.  मी पिशवी उचलली आणि समोरच्या क्लिनिकमध्ये शेकायचं मशीन बिघडलं होतं ते पाहायला गेलो. मला वाटलं, दुपारी येऊन सांगू ह्यांना. उत्तरं तयार करत होतो. चांगली चांगली सुचली होती. ती अजून माझ्याकडेच आहेत.

परत आलो तर स्कूटर नाही. शेजारच्या झेरॉक्सवाल्यानं सांगितलं, कोणी ट्रकवाला आला होता, तो म्हणत होता उरल्यात एक बंद कारखाना भंगारात निघालाय, त्यांच्या इन्स्ट्रुमेंट रूमचा माल कबाड्याकडे पडलाय, त्यात असले हिरवे पत्रे आहेत. आणि तुम्ही निघालात. मला फोन नाही. समोर तर होतो मी, रस्त्यापलीकडे. एक हाक मारायची होती. मी गेलो असतो. त्या धुळीतून, ट्रकांमधून, मी तिथे वर्षं काढली आहेत, मला तिथला एकेक कबाडी माहीत आहे. पण नाही, सकाळी भांडण झालं होतं ना. तुम्हाला बोर्ड आणून माझ्या टेबलावर आपटायचा होता.

आलात तेव्हा तोंड तांब्यासारखं लाल, शर्ट पाठीला चिकटलेला. खुर्चीत बसलात.

"कुठे होते?"

"भेटला."

"काय भेटलं?"

तुम्ही खिशावर हात ठेवला. मी हात पुढे केला, वाटलं बोर्ड काढताय. तुम्ही छाती दाबत होता.

"पित्त आहे रे. पानी दे."

मी पाणी दिलं. तुम्ही म्हणालात वहिनीले सांगू नको. तेवढी शेवटची आज्ञा मी पाळली नाही. ऑटोत तुमचं डोकं माझ्या खांद्यावर होतं आणि मी सारखा म्हणत होतो, काहून गेले, काहून गेले.  दिवेलागणीला सगळं संपलं. वॉर्डातल्या बाईनं तुमचं घड्याळ, चष्मा, ते व्हिजिटिंग कार्ड आणि हा बोर्ड एका पिशवीत घालून दिला. वहिनींनी बोर्ड बाहेर काढला, उलटसुलट करून पाहिला.

"हे काय आहे?"

"खुशीच्या डबीचं."

त्यांनी तो माझ्या हातात ठेवला. मग म्हणाल्या, "दोन दिवसांपासून जळून राहिलं होतं त्यायच्या छातीत. मले म्हने लोनचं जास्त झालं." त्या तुमच्यावर चिडल्या नव्हत्या. चौबे कॉलोनीतल्या तुमच्या घरात तुमच्यावर चिडणारा मी एकटाच होतो, आणि मी घरचाही नाही. गाव सोडून आलेला, तुमच्या नात्यात न बसणारा माणूस कुठल्या हक्कानं भिंतीवर मूठ मारणार? मी खुर्च्या मांडल्या, खुर्च्या उचलल्या.

तेरवीनंतर दुकान उघडलं आणि पहिलं काम हेच घेतलं. बोर्ड धुतला, भंगाराची धूळ काढली. चिप ठेवून पाहिली, तुमच्यासारखी, भिंग लावून. बरोबर बसली, भाऊ. प्रत्येक पायाला आपापलं घर. तेव्हा मला तुमचा इतका राग आला की टाका मारायची आयर्न खाली ठेवून मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

मग आत येऊन टाके मारले. सुंदर झाले. सप्लाय लावला आणि चिपवर बोट ठेवलं तर चटका. सेकंदात मेली.

तासभर कळेना. मग कळलं, आणि कळल्यावर काय करावं सुचेना. झिरो बोर्डावर वस्तू वरून बसते आणि टाका खालून. म्हणून पालथ्या बाजूनं काम करताना डाव्याचं उजवं धरायचं, पाय उलटे मोजायचे. ही सवय तुम्ही मला लावली, चुकलो की चिमट्यानं बोटावर मारून लावली. पालथ्या घातलेल्या चिपलाही तीच सवय चालून गेली. पण ह्या बोर्डावर चिप आणि टाका एकाच बाजूला. इथे सरळ मोजायचं होतं. माझा हात उलटा चालला. तुमचाही तसाच चालला असता, मी शपथेवर सांगतो. तुम्ही उरल्याहून आणलेला बोर्ड घेऊन विजयी मुद्रेनं बसला असता, आणि ही चिप तुम्ही जाळली असती. मग मी हसलो असतो. वर्षभर हसलो असतो. ते हसणं तुम्ही माझ्याकडून हिसकावून घेतलं.

एकच चिप उरली होती, तुमच्या कार्डाच्या मागची. ती टेपखालून काढायच्या आधी मी दोनदा हात धुऊन आलो. हो, आहे मी घाबरट. पायांवर आकडे म्हणत म्हणत टाके मारले, मोठ्यानं, शाळेतल्या पाढ्यांसारखे, सवयीवर काही सोडलं नाही. सप्लाय लावला. बोट ठेवलं. गार.

डबी खिडकीत उन्हात ठेवली. दिवा लागला. फ्रिजमध्ये ठेवली, तासानं काढली. दिवा लागलेला. तिला आठवत होतं.

खुशी शाळेच्या सुट्टीत दुकानात येऊन बसते. ती पाहत होती. म्हणाली, "अब बंद कैसे होगा?"

मी तिला आपलं भांडण सांगितलं. तुम्ही काय म्हणालात तेही सांगितलं, घाबरट हा शब्द सोडून. ती ऐकत होती. मग म्हणाली, "पर पापा, सुई तो मुझे लगती है।"

मी डबी तिच्यापुढे सरकवली.

"बटन अंदर रखो। डिब्बी में पेच लगाओ। पेचकस मेरे पास रहेगा।"

त्या सकाळी आपण दोघं भांडलो, बटण ठेवायचं की नाही, मी दाबणार की नाही, तू असा आणि तुम्ही तसे. पोरीला विचारावं असं ना तुम्हाला सुचलं ना मला. मी तिच्या म्हणण्याप्रमाणे केलं. बारीक पेचकस, म्हणजे स्क्रू ड्रायव्हर, तिनं दप्तराच्या आतल्या कप्प्यात टाकला. तुम्हाला हे मान्य झालं असतं का, मला माहीत नाही. बहुतेक तुम्ही म्हणाला असता की हे तुझ्या डोक्यातलं नाही, आणि खरं बोलला असता.

हे लिहायला बसलो त्याला कारण काल घडलं. आमच्या पाऱ्यातला, म्हणजे मोहल्ल्यातला, ट्रान्सफॉर्मर जळला. सकाळी गेलेली लाईट दुपार कलल्यावर आली. मी दुकानातून धावतच घरी गेलो. फ्रिज पुन्हा घुमत होता, आतलं सगळं गार व्हायला लागलं होतं. डबीत लाल दिवा. नुकतीच उघडलेली बाटली, भरलेली. मी ती हातात घेतली, उजेडात धरली. स्वच्छ होती, भाऊ. अगदी स्वच्छ. मी स्वतःशी म्हणत होतो, थोडंसंच तापलं असेल. खरंच म्हणत होतो, तुम्ही म्हणाला होता तेच, शब्दाला शब्द. तेवढ्यात खुशी मागून आली, माझ्या हातातून बाटली घेतली आणि मोरीत जाऊन सुईनं ओढून ओढून सगळी रिकामी केली.

"अगं, विचारायचं तरी."

"किससे?"

तिनं रागानं विचारलं नव्हतं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी तोंड उघडलं आणि तुमचं नाव बाहेर पडायच्या आत मिटलं. ती वाट पाहत होती. नळ चालू होता. मग तिनं पेचकस काढला, डबी मांडीवर घेतली आणि म्हणाली, "पापा, नई शीशी ले आओ। तब तक मैं इसको खोल के रखती हूँ।"